हरकती व सूचना

एकवीस दिवस
मला या काचेच्या पेटीशेजारी बसवलंय.
पेटीत पांढरं क्रीडासंकुल, छपरासकट,
स्पंजची झाडं, टाचणीएवढी माणसं,
आणि पाटी : मारुती चौकामागे,
जुन्या लाकूडवखारीच्या जागी.
टेबलावर नोंदवही. दोरीला बांधलेलं पेन.
बिनदोरीचं सोमवारीच गेलं.

छप्पर कशासारखं दिसतं
यातच पहिला आठवडा गेला.
शांतिनाथ मगदूम म्हणाले, पालथी कढई.
त्यांच्या मिसेस म्हणाल्या, कढई कुठली,
पातेल्यावरचं पोचा आलेलं झाकण,
आपल्याकडं आहे की तसलं.
एका शाळकरी पोरानं लिहिलं, लई भारी,
आणि खाली बाण घुसलेला बदाम काढला.
वास्तुविशारद बाई उद्घाटनाला सांगून गेल्या होत्या,
ही हळदीच्या पानाची घडी आहे,
सांगलीच्या मातीतून उमललेली.
हळदपेठेतला हमाल, बिराप्पा,
पेटीभोवती दोनदा फिरला, गुडघ्यावर बसला,
"हळद खाली असती, साहेब.
वर काय बघायचं?
एवढं लिवा."
लिहिलं.

शिदराम ऐवळे आले
ते कुठल्याशा मैदानातनं परस्पर, काखेत हलगी.
काचेवर मधोमध बोट ठेवलं.
हे निळं काय?
मॅट, म्हटलं.
आणि माती?
पुस्तिका चाळली. सातवं पान, आठवं पान.
बरं, हलगीवाला कुठं उभा ऱ्हातो?
मी टाचण्यांत शोधलं.
ध्वनिक्षेपक सोळा आहेत, म्हटलं, चारी बाजूंना.
त्यांनी काहीच लिहिलं नाही.
टेबलाच्या कडेवर नुसती दोन बोटं वाजवली,
सलामी झाली की वाजतं तसं, हळू,
आणि दाराजवळचा पेंगणारा शिपाई
उठून उभाच राहिला.

त्याच दुपारी प्रणोती खोत.
कान मोडलेला, एकोणीसचं वय.
मॅटच पाहिजे, म्हणाली,
मातीच्या तालमीतनं मला उंबऱ्यावरनंच माघारी लावलंय.
छप्पर कढईचं करा नाहीतर परातीचं.
कपडे बदलायच्या खोलीला
आतनं कडी आहे का, तेवढं सांगा.
मी नकाशा उलटासुलटा केला.
दारं दिसत होती.
कडी नकाशात दाखवत नाहीत, म्हटलं.
तिनं पेन असं दाबून धरलं
की त्याखालच्या तीन कोऱ्या पानांवर
अजून वाचता येतं :
कडी.

साहेबांनी रकाने आखून दिलेत,
अनुकूल, प्रतिकूल, विषयबाह्य.
संध्याकाळी बेरीज पाठवायची.
बिराप्पाला कुठं टाकू?
दोन बोटांना?

काल नसीमा नदाफ आल्या, गळ्यात टेप.
वखारीमागच्या बोळात त्यांचं शिलाईचं दुकान.
यातला एक माणूस केवढा, म्हणाल्या.
पाऊण सेंटिमीटर, म्हटलं.
ओठांनी कसलासा हिशेब केला,
गळ्यातला टेप काचेला लावला
आणि पिशवीतनं शिंप्याचा निळा खडू काढून
पेटीच्या चारी बाजूंनी एक रेघ ओढली,
कापड बेततात तशी, न थांबता.
"इथवर पाणी आलतं."

झाडं रेघेखाली. मॅट रेघेखाली.
टाचणीएवढी माणसं सगळी,
दोघं तिघं सोडून.

मला वाटलं, आता प्रतिकूल.
त्या रेघेवरच्या बाकांकडं बघत होत्या.
वर किती बसतील?
साडेतीन हजार.
मग बांधा, म्हणाल्या. बिगीबिगी बांधा.
दोन रात्री आम्ही पत्र्यावर होतो.
वरती चुलीला आडोसा लिहा,
बायकांना संडास लिहा,
आणि किल्ली कुणाकडं असणार
त्याचं नाव लिहा.

आज साहेबांनी रेघ बघितली.
पुसून घ्या, मंगळवारी समिती येतीय.
मी रुमाल भिजवून आणला.
मघापासून
रेघेच्या वर कोण, खाली कोण,
मोजत बसलोय.
साडेपाच वाजले.
रुमाल हातातच वाळला.