चक्कीवाल्याचं पथ्य

शिबिरातला डॉक्टर म्हणाला, यकृतावर चरबी आहे.
ह्यांनी विचारलं, म्हंजे किती किलो?

मग धाकटीनं नागपूरहून फोनवर तक्ता पाठवला.
पाच दिवस. शरीर आतून धुऊन काढायचं.
सकाळी कोहळ्याचा रस, दुपारी मुगाचं पाणी,
रात्री दुधीचं सूप, मीठ नावापुरतं.
खाली लिहिलं होतं : जोडीनं केलं तर टिकतं.
म्हणून मी.
माझ्या यकृताला कोणी काही म्हटलं नव्हतं.

आणि दिवस निवडले ते पौषातले!
भोंगाड्यांच्या वावरात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी फुटत होती,
रोडग्यांचा धूर सरळ आमच्या दारात.
हे चक्कीवर, पोटात कोहळा,
पापण्यांवर ज्वारी, मिशीत गहू,
गावाच्या भाकरीचं पीठ दिवसभर अंगावर.
डबे घेऊन आलेल्या बाया हसायच्या,
"देवमनभाऊ, हात चाटले तरी दोन भाकरी होते नं!"

दुसऱ्या दिवशी चहावाचून डोकं चढलं.
कुत्र्यावर ओरडले, मग चक्कीवर, मग माझ्यावर.
"मुगाचं पानी पिऊ पिऊ माह्यं पोट डबकं झालं," म्हणाले,
आणि पेला रिकामा करून पुढे केला.

तिसऱ्या संध्याकाळी साडेसात वाजले
आणि माझे हात मोकळे होते.
सत्तावीस वर्षं ह्या वेळेला मी परातीपाशी.
अंगण तेव्हा कसं दिसतं, मला ठाऊकच नव्हतं :
पंचफुलाबाईची बकरी मागच्या डाव्या पायानं लंगडते,
मोर्शीची गाडी वळणावर आली
की उजेड आधी आमच्या निंबावर चढतो.

ओट्यावर हे येऊन बसले.
दोन पेले, एकाच मापाचे, एकाच वेळी.
वाढायचं कोणी नाही,
'घे अजून' म्हणायचं कोणी नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "तू जेवतं कवा वं, एरवी?"
"तुमच्यानंतर."
"नंतर म्हंजे कवा?"
"तुमच्या ढेकरानंतर, कुत्र्याच्या आधी."
मी हसले. ते हसले नाहीत.

रात्री भुकेनं झोप येईना.
अंधारात दोघांची पोटं बोलत राहिली,
आधी त्यांचं, मग माझं.
ते म्हणाले, सांभारवडी.
मी म्हटलं, जवसाची चटणी, वरून तेल.
असं बारा वाजेपर्यंत.
मग विचारलं त्यांनी, आपल्या लग्नात काय होतं जेवायला?
बुंदी होती, असं म्हणतात.
मला आठवेना. मी जेवले होते का, तेही.

चौथ्या दिवशी वावरात
मी तुरीच्या शेंगा खाल्ल्या, उभ्यानं, मूठभर.
घरी सांगितलं नाही. इथं सांगते.

सहाव्या दिवशी चक्कीतल्या काट्यावर चढलो,
ज्यावर लोकांचे कट्टे चढतात.
ते दोन किलोनं उतरले.
मी पावशेर.
काटा बिघडला म्हणून त्यांनी ठोकून पाह्यला,
कट्टा ठेवून पाह्यला, पुन्हा मला चढवलं.
काटा बरोबर होता.
जायला माझ्यात होतंच किती.

त्या दिवशी ज्वारीची भाकरी, ठेचा, वांगं.
चार खाल्ल्या त्यांनी. यकृताचं काय ते पुढच्या शिबिरात कळेल.
धाकटीला फोनवर सांगितलं,
हो बाप्पा, निघालो धुऊन.

चक्की मात्र आता सव्वासातलाच बंद होते.
गिऱ्हाईक कुरकुरतं, डबे ओळीत राहतात.
"पट्टा घसरते," हे सांगतात, "सकाळी पाहू."
त्या पट्ट्याला मी ओळखते,
दर पंधरवड्याला मीच त्याला राळ लावते,
परवाच लावली.

ओट्यावर बसून आत विचारतात,
"किती राह्यल्या वं अजून?"
मी सांगते, दोन.
असतात चार.