माणसाला धोका नाही

दर मंगळवारी ट्रुइट बादली आणतो,
ओल्या गोणपाटाखाली तीस कालवं
आणि चार वरकड.
मेरीलँडच्या या टोकाला रस्ता संपतो, तिथं आमची प्रयोगशाळा.
मी बिजागरीत सुरी घालून मनगट वळवते.
आचऱ्याच्या खाडीवर मावशी कोयतीनं फोडायची,
तिला या सुरीचं हसू आलं असतं.

मांसाची चिमूट नळीत, आठवडाभर अंधारात,
मग आयोडीनचा थेंब.
रोग असला की निळेकाळे गोळे दिसतात,
खसखशीहून बारीक, पण मोजता येतात.
मी मोजते, रकाने भरते.
खाली छापील ओळ असतेच :
या रोगाचा माणसाला धोका नाही.

"गेल्या मंगळवारचे किती?"
"तिसांत सव्वीस."
तो टोपी काढतो, परत घालतो.
त्याला आधीच कळलेलं असतं.
अठरा फुटी दांड्याचा चिमटा तळाला लागला
की जिवंत कालवं दगडासारखी बोलतात,
मेलेली टाळ्या वाजवतात.
"हल्ली नुसत्या टाळ्या."

त्याच्या बापाला दोन पुरुष पाण्याखालचा तळ दिसायचा,
गवत, गवतात कात टाकणारी खेकडी.
एकेक कालव दिवसभर घागरींनी पाणी गाळायचं,
कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता.
आता वल्हं हातभर बुडालं की दिसेनासं होतं.
गवत गेलं, गवतामागे थंडीतली बदकं.

सोलणीची शेड मार्चात बंद झाली.
तिथं एकतीस वर्षं उभी राहिलेली ओडेसा पर्नेल
कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला जाते.
अंगठ्यावरचा सुरीचा घट्टा अजून आहे,
कोंबडीला त्याचा उपयोग नाही.
आणि कोंबड्यांची घाण पावसाबरोबर
याच खाडीत उतरते,
पण त्याला माझ्याकडे रकाना नाही.

शेडमागे शिंपल्यांचा दुमजली ढीग.
आमच्याकडे भाजून चुना केला असता.
ट्रुइट फावड्यानं होडीत भरतो,
खाडीला परत देतो.
पिल्लांना बसायला जुनंच शिंपलं लागतं म्हणे,
दुसरं काही त्यांना पटत नाही.
"बसतील?"
तो होडीच्या दोराची गाठ सोडतो, पुन्हा तीच मारतो.

मग वरकड चार फोडतो.
तीन उभ्याउभ्या गिळतो, लिंबूबिंबू नाही.
चौथं माझ्यापुढे धरतो :
"खा. तूच तर लिहितेस."