तीस घरांचा नमुना

शनिवारी कालबायोगची शाळा बंद असते, म्हणून आम्हाला जागा मिळते.
अकरावीची पाच मुलं, एक कुरकुरणारा पंखा
आणि पाचांत मिळून एक काळा कोट,
जेरिकच्या मामानं कधी काळी
मनिलाला नोकरी मागायला जाताना शिवलेला.
बाह्या इतक्या लांब की हात आत हरवतात.
बुधवारी समिती बसणार, तिघांची.
आज तिन्ही खुर्च्यांवर मीच, आलटून पालटून.

गृहीतक म्हणजे काय, जेरिक?
तो धडाधडा म्हणून टाकतो,
श्वाससुद्धा पाठ केलेल्या जागी घेतो.
मी कागद काढून घेते. आता सांग.
तो छताकडे बघतो. छताला पाल आहे.
तिलाही येत नाही.

गृहीतक म्हणजे गृहीत धरणं नव्हे, मी सांगते.
ते खोटं ठरायची वाट आधी मोकळी ठेवायची,
मग त्याच्या बाजूनं उभं राहायचं.
मुलं वहीत उतरवून घेतात, शब्दन् शब्द,
पुढच्या घोकंपट्टीची सोय म्हणून.
माझाच दोष. बावीस वर्षं मीच
उत्तरं पाठ करून घेतली,
आणि आता म्हणते, प्रश्न आणा.

लिओनिसा गाबियाना शेवटी उठते.
विषय: टेकडीवरच्या खोबऱ्याच्या भट्ट्या,
करवंट्यांचा धूर आणि घरोघरचा खोकला.
नमुना: तीस घरं.
तीसच का? मी गणिताच्या तेओफिलो सरांचा आवाज काढते.
तीसच आहेत, मॅडम.
मग हा नमुना कसला? हे तर अख्खं गाव.
नमुनेच आहेत सगळे, मागून कुणीतरी म्हणतं.
वर्ग हसतो. ती हसत नाही.
खोडते, वर लिहिते: सगळी घरं.

मला शिकवता येतं ते एवढंच:
'मला वाटतं' म्हणू नका, 'आढळलं तर' म्हणा.
माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा,
पण तिथं थांबू नका, कसं शोधाल ते सांगा.
सारवासारव करू नका, ओल कळते.
आणि 'आशा आहे' हे शब्द
आभाराच्या पानाखेरीज कुठंही नकोत.

बुधवारी वीज गेली.
प्रोजेक्टरचा डोळा मिटला, आतली बारा रंगीत पानंही.
लिओनिसानं खडू उचलला, फळ्यावर तक्ता आखायला घेतला,
आणि कोटाची बाही मागोमाग पुसत गेली
घर क्रमांक एक, दोन, तीन.
तिनं कोट काढून खुर्चीवर टाकला.
आत शाळेचा गणवेश, खांद्याशी उसवलेला.

तेओफिलो सरांनी तिसाचं काही विचारलंच नाही.
माझा घसा फुकट गेला.
त्यांनी चष्मा काढला, आणि सावकाश म्हणाले,
भट्टी तुझ्या बापाचीही आहे ना?
मग तू निःपक्षपाती कशी?

हा प्रश्न आमच्या पाचही वह्यांत नव्हता.
मी खिडकीबाहेर बघत बसले.

आमचं घर सतरावं आहे, ती म्हणाली.
त्याची नोंद मी घेणार नाही,
जेरिक घेईल, मला न दाखवता.
मग थांबली. मला वाटलं, संपलं.
आणि सर, माझं गृहीतक धूर हेच आहे,
पण ते खोटं ठरावं अशी आशा आहे.
बाबांना दुसरा धंदा येत नाही.

समितीनं लिहिलं: मंजूर, किरकोळ दुरुस्त्यांसह.
पान चारवर अजून 'नमुना' राहिलाय, काढावा.
आशेबद्दल काही नाही.
ती कुठल्या पानावर नव्हतीच.

जेरिक कोट उचलतो, झटकतो,
खडूचा पांढरा लोट उठतो बंद पंख्याखाली.
समिती खोकते, मी खोकते,
तो अर्धा हात बाहीत घालून उभा,
कुणीतरी 'पुढचा' म्हणेल याची वाट बघत.