निम्म्यावर

मुजम्मिल, चावी मीटरच्या पेटीवर, विटेखाली आहे.
वही डॅशबोर्डच्या खणात. निळी.
पहिली चौदा पानं रोवेनाच्या अक्षरात,
ती मनिलाला कायमची गेली तेव्हा गाडीसोबत आलेली.
पुढची माझी.

बाहेरून आलास की लगेच जोडू नकोस.
सोहारची दुपार गाडीच्या पोटात बसलेली असते,
डांबर, खारी हवा, बंदरापर्यंतचे सगळे सिग्नल.
वरून हात लावला तर काही कळत नाही.
बोरीखाली उभी कर. नासर तिला सिद्र म्हणतो,
पण फळ तेच,
फेब्रुवारीत काचेवर पडून चिकटणारं.

फजरच्या अजानीआधीचे दोन तास बरे.
तेव्हा भिंतसुद्धा जरा निवते.
टायमर अडीचचा लावलाय, त्याला हात लावू नकोस.
ऐंशीला थांबव.
शंभर बघायचा मोह होतो, मलाही व्हायचा,
पाहुण्याला अजून एक पोळी, अजून अर्धी, तसा.
तिला सोसत नाही ते.
विसाच्या खालीही नेऊ नकोस.
एक्स्टेंशनची वायर तर नाहीच.
प्लगला मधूनच हाताची पालथी बाजू लाव,
पोराचा ताप बघतात तशी.

नवी होती तेव्हा पडद्यावर बारा रेघा होत्या म्हणे.
माझ्याकडे आली ती दहावर.
एक पहिल्याच ऑगस्टात गेली, तारीख आहे वहीत.
दुसरी कधी गेली ते नाही.
परीक्षांचे दिवस, प्रयोगशाळेत चाळीस ब्युरेट धुवायच्या,
घरी येऊन मी तापल्या गाडीतच प्लग खुपसायचे
नि झोपायचे.
एका सकाळी आठ.

आधी शिनासला जाऊन परत येणं एका दमात व्हायचं.
लीनाकडे जेवून, उशिरा,
एसी बंद करून, खिडक्या उघड्या टाकून,
शेवटचे सहा किलोमीटर श्वास धरून.
आता तिच्या इमारतीत जोडू देत नाहीत.
लीना फोनवर भेटते.
म्हणते, उन्हाळा संपू दे.

हे चाळीस दिवस फारशी चालवू नकोस.
लांब सुट्टीला भरलेली सोडायची नाही,
रिकामीही नाही.
निम्म्यावर.
रोवेनानं ते दोनदा अधोरेखित केलंय,
नि तिनं चावी दिली तेव्हा आकडा
बावन्न होता, मी पाहिलाय.

शाळेचं पत्र अजून आलेलं नाही.
करार सप्टेंबरपर्यंतचा.
तीस किलो नेता येतं, मी सोळाच भरलंय.
भांडी कपाटात आहेत. कुकरची शिट्टी
खिडकीत, वाळत.

आणि हो, छोटी बॅटरी वेगळी असते,
ती नुसत्या उभ्यानंच मरते.
दर शुक्रवारी दहा मिनिटं गाडी चालू कर,
कुठे जाऊ नकोस, बसून राहा.
वहीत तारीख टाक. पानं बरीच उरलीत.

चार्जिंगचं झाकण नीट बसत नाही.
वरून एक थाप मार.
जोरात नको.