पाचपैकी तीन

ट्रँटरबाई न सांगता आल्या, मंगळवारी, पावणेबाराला,
डडली रोडवर गारांचा मारा चालू असताना.
पांढरा कोट, केसांवर जाळी, बुटांवर निळ्या पिशव्या.
वुल्वरहॅम्प्टनातल्या आमच्या खानावळीत
इतकं नटून याआधी कोणी आलेलं नव्हतं.

आधी हात धुतले. मग म्हणाल्या, साबण संपत आलाय.
बेसिनमध्ये कोथिंबिरीच्या काड्या. लिहिलं.
मटकीच्या डब्यावर तारीख नाही. लिहिलं.
फ्रिजच्या दाराचं रबर बोटानं ओढून पाहिलं,
आत काळी रेघ. लिहिलं.
रश्श्यात सळई खुपसली, आकडा चढला, एकोणऐंशी,
"छान," म्हणाल्या, आणि सळई पुसली,
अशी, की आमचा थेंब पुढच्या दुकानात जायला नको.
आत खुपसण्याआधीही पुसली होती,
मागच्या दुकानाचा थेंब आमच्यात यायला नको म्हणून.
मी त्या पुसण्याकडेच बघत राहिलो.

सावरगाव फाट्यावरच्या हॉटेलात
आमच्यासाठी एक कप होता. कान तुटलेला,
कुंपणाच्या खुंटावर पालथा.
पिऊन आपणच विसळायचा, परत खुंटावर.
चहा वरून ओतायचे, लांबून, धार न तुटता,
हातखंडाच होता त्या माणसाचा.
बापानं कधी विचारलं नाही, नेमकं काय मळलंय आमचं.
विचारलं असतं, तर कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?

छबू मात्र चिडलेली. सिंकपाशी
मराठीत पुटपुटत होती,
या बाईच्या घरचा फ्रिज बघायला पाहिजे एकदा.
मी म्हटलं, गप.
उंदीर? नाही. हातमोजे? आहेत.
उरलेला भात किती वेळात गार करता?
आडनाव विचारलं, ते स्पेलिंगसाठी.
आडनावाशी थांबल्या नाहीत,
वर मान करून पुन्हा पाहिलं नाही,
पुढचा प्रश्न कचऱ्याच्या झाकणाचा होता.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. तीन.
सोबत चार पानं: कुठे चुकलं, काय करायचं,
कितव्या तारखेपर्यंत.
रत्नदीप म्हणाला, दाजी, इंग्लंडात लावायची सक्ती नाही,
वेल्समध्ये आहे. टाका ड्रॉवरमध्ये,
पाच मिळाले की लावू.

रबर बदललं, चौतीस पौंड.
डब्यांवर तारखा घातल्या छबूनं, मराठी आकड्यांत,
मग जीभ चावून सगळ्या पुन्हा इंग्रजीत.
फेरतपासणीचा अर्ज भरलाय.

आणि स्टिकर दारावर लावलाय, डोळ्यांच्या उंचीवर.
काल एक गिऱ्हाईक दारात थांबलं,
आकडा वाचला, काचेतून आत डोकावलं,
आणि रस्ता ओलांडून चिकनवाल्याकडे गेलं.
जाऊ दे. वाचून गेलं.

छबू म्हणते, तिरका लागलाय.