करंगळी

सुदामानगरात, शिलाई मशिनच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर आम्ही समुद्र ठेवलाय.
सकाळी अकराला चालू करतो,
वीज गेली की इन्व्हर्टरवर अर्धा तास टिकतो.

त्याच्या लाटा मी लिहिते.
खरा पाहिला दोनदाच,
एकदा मावशीकडे अलिबागला, तोही ओहोटीचा,
एकदा विमानातून, ढगांच्या फटीत.
इंदूरच्या माणसाला पाणी म्हणजे
नर्मदेचा नळ, एक दिवसाआड.

शिकाऊ खलाशी डोळ्यांवर डबा चढवतात.
हातात काही धरायचं नाही, तेच तर नवं.
कॅमेरे उघडा हात वाचतात,
मनगटापासून नखापर्यंत सव्वीस ठिपके,
आणि हवेत मूठ वळली
की तिथे आगीच्या नळकांड्याची पिन असते,
होडी सोडायचा दांडा असतो,
नाहीतर दोर.

मार्चमध्ये परकार आले, तपासायला.
दाभोळचे इस्माईल परकार, सारंग,
एकतीस वर्षं डेकवर.
जिना चढताना म्हणाले,
हा हलत नाही ना बाय, म्हणून दम लागतो.

उजव्या हाताला करंगळी नाही,
तिच्या शेजारचं अर्धं.
साडेतीन. मला उगाच मुहूर्त आठवले.
मनात तयारी केली,
ठिपके अडखळतील, हात थरथरेल, गायब होईल,
मग मी माफ करा म्हणेन.

तसं झालं नाही.
यंत्रानं हात पाहिला, क्षणभर थांबलं,
आणि आपल्याच मनानं
तो पुरा केला.

मला पडद्यावर दिसत होती
करड्या रंगाची कोरी करंगळी,
निमूट,
बाकीची मिटली की मिटणारी.

जहाज कलत होतं. भोंगा वाजत होता.
दांड्यापाशी पोचायला नव्वद सेकंद.
ते गेलेच नाहीत.
हात उलटा केला, सुलटा केला,
डाव्या हातानं ते बोट चाचपायला गेले,
आणि हातावर हात आला
की कॅमेऱ्याला काहीच कळत नाही.
दोन्ही विझले.

पाटी आली,
प्रशिक्षणार्थी बुडाला. पुन्हा प्रयत्न करा.

डबा काढून त्यांनी कपाळ पुसलं.
चहा आला, साय धरून बसला.
तुटायच्या आधी दोर गातो, म्हणाले. बारीक.
तुमच्यात गात नाही.
मी वहीत लिहिलं, दोराचा आवाज.
आणि पोर दोराच्या वाटेत उभं राहिलं तर?
लाल चौकट येते, मी म्हटलं, गुण जातात.
किती?
पाच.
त्यांनी हात पुढे धरला, मोजल्यासारखा.
पाच, म्हणाले, आणि हसले.

त्या आठवड्यात मी सव्वीसातले सहा पुसले.
दोराच्या वाटेत जो उभा राहील
त्यानं पुढचं सगळं विसांवर निभवायचं,
होडी, पिन, शिडी, बुडणाऱ्या सोबत्याची कॉलर.
गुर्जर साहेबांनी पाहिलं, मान हलवली.
छान आहे. डेमोत नको. गिऱ्हाईक बिचकेल.

ते अजून आहे तिथेच, एका बंद खुणेमागे.
सगळे जेवायला गेले की मी चालू करते.
दांडा हातात येतो, ओढताना सुटतो.
पुन्हा धरते. खाली शिलाई मशिनं चालतात,
त्यांचा आवाज लाटांत मिसळतो
आणि मी काही करत नाही त्याचं.

गाडीत बसल्यावर परकारांचा मेसेज आला होता.
शेव मिळाली. तिखट आहे.
दोराचं बघा.
आणि पाणी फार निळं केलंय तुम्ही, बाय,
बंदरात असं नसतं.
थोडा चहा टाका त्यात.

टाकला.