सतरा फूट पाच इंच

तेवीस वर्षं मी या शहरात वर-खाली केलं आहे.
लिफ्टचे दोर तपासते. शाफ्टच्या तळाशी उतरून
बॅटरीच्या उजेडात तुटलेल्या तारा मोजते,
गव्हर्नर ओढून बघते, ब्रेक धरतो का.
मग सही. सहीखाली तारीख.
प्रभादेवीला बेचाळीस मजले, भांडुपला सात,
आणि संध्याकाळी हिशेब करावा तर
जागची फूटभरही हलले नाही.

म्हणून लिंक रोडच्या शोरूममध्ये
एसीत उभ्या असलेल्या त्या धिप्पाड पिकअपपुढे
मी जरा जास्तच वेळ थांबले.
सेल्समन, नाव तौफिक, विचारतो,
"सर मागून येतायत का?"
सर घरी बिरडं सोलतायत, मी म्हटलं.
किल्ली मला दे.

तो पाठ केलेलं म्हणत जातो:
मागचा डिफरन्शियल लॉक होतो,
बंपरमध्ये विंच, पोटाखाली पोलादी पत्रा,
आणि ही नळी, हत्तीनं नदीत सोंड वर धरावी तशी.
"हिंदमाताला कमरेएवढं पाणी असू दे, मॅडम,
इंजिन श्वास घेणार."
सगळं कंपनीतूनच बसवून आलेलं.

हेरंबचा मावसभाऊ म्हणाला होता,
कुर्ल्यात हेच सगळं अर्ध्या पैशात लावून मिळतं.
मिळतं. काय काय मिळतं ते मला माहीत आहे.
लालबागच्या एका इमारतीत
भलत्याच मापाची ब्रेकपट्टी घासून घासून बसवली होती.
वर्षभर चालली. वर्षभर चालतंच.
मी उतरले त्या दिवशी शाफ्टच्या तळाशी
शाळेतल्या पोराची पाण्याची बाटली पडली होती, निळी.
कुणाला काही झालं नव्हतं.
बाटली अजून माझ्या कपाटात आहे.

ज्यानं जोडलं त्यानंच सही करावी,
एवढंच माझं म्हणणं.
आरटीओचं नंतर.

विंचपाशी वाकले.
दोर, ड्रम, मोटर, हूक.
अगं बाई, हे तर माझंच यंत्र,
कुणीतरी आडवं झोपवलेलं!
याला बटणं लागत नाहीत, मजले लागत नाहीत,
समोर एखादं धड झाड असलं की पुरे.

दहातले नऊ दिवस ती कांजूर ते परळ
सेकंड गिअरमध्ये रडणार, हे मला कळतं.
पुलाखालच्या यू-टर्नला तीन दमात वळणार,
मागचे हॉर्न वाजवणार, डिझेल पिणार ते वेगळंच.
आमची पार्किंगची जागा सोळा फूट.
कालच टेप लावून पाहिली.
गाडी सतरा फूट पाच इंच.
उरलेले सतरा इंच तुंगारे वहिनींच्या स्कूटरच्या अंगावर जातात.
सेक्रेटरी बोर्डे म्हणाले, अर्ज द्या.
कारण लिहा.

कारण काय लिहू?
दहावा दिवस?
हौद्यात गादी, पाण्याचे दोन कॅन,
हेरंबचा स्टोव्ह आणि हेरंबची कुरकुर,
आणि कच्छच्या पलीकडच्या अंगाला ती जागा
जिथं सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे मिठाचा ढीग?

चपला काढल्या. ओढणी कमरेला खोचली.
पाठीवर झोपून गाडीखाली सरकले.
"मॅडम, अहो मॅडम, कॅमेरे आहेत इथे!"
असू देत.
मोबाइलच्या उजेडात सांधे पाहिले, नळ्या पाहिल्या.
प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीकशी रेघ,
पुरतं आवळून झाल्यावर कुणीतरी हातानं ओढलेली.
एक रेघ जरा वाकडी.
शिफ्ट संपायला आली असेल त्याची.

तिथूनच विचारलं,
मातीचा रंग येतो का यात?
तौफिक खाली वाकला, माझ्या चपला त्याच्या हातात:
"कुठल्या मातीचा, मॅडम?"

मी तशीच पडून राहिले.
हे कुठं ठरवलं होतं.